घड्याळ बघ, जखम बघू नकोस

2011 सालचा डिसेंबर. कारखान्यांचा हंगाम भरात होता. सकाळी सातच्या सुमाराला आमच्या ग्रामीण रुग्णालयाच्या दारात उसाचा ट्रॅक्टर येऊन थांबला. मागच्या रिकाम्या ट्रॉलीत वाढ्यांच्या भाऱ्यावर एक बाई आडवी होती. तिच्या डाव्या नडगीवर दोन्ही हात रोवून अकरा-बारा वर्षांची एक मुलगी उकिडवी बसली होती. हातांखाली ओढणीची घट्ट घडी होती. बाईला स्ट्रेचरवर घेतलं, तरी मुलगी हात सोडेना. स्ट्रेचरबरोबर वाकून चालत ती तशीच ड्रेसिंग रूमपर्यंत आली.

"बाळा, सोड आता, मी बघते," मी म्हटलं.

"मायनं सांगितलंय, दवाखान्यातल्या बाईनं धरल्याबिगर हात काढू नको."

मी तिच्या हातांशेजारी माझा हात सरकवला, जोर दिला आणि मगच तिने हात काढले. पण बोटं सरळ होईनात. थंडीने आणि जोर लावून ती आखडली होती. फडापासून दवाखान्यापर्यंत खड्ड्यांच्या रस्त्याने पाऊण तास लागला होता, तो सगळा वेळ ती दाबून होती. डॉक्टर आल्यावर घडी उचलली. जखम हाडापर्यंत होती आणि आतल्या एका धमनीतून रक्ताची बारीक चिळकांडी उडाली. म्हणजे रक्त आपलं आपण थांबलेलं नव्हतं, त्या मुलीने थांबवून धरलं होतं. बाईची नाडी जलद होती, पण रक्तदाब ठीक होता. आत बांधणी केली, टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. दुपारी ती बाई खाटेवर बसून चहा पीत होती.

तीस खाटांच्या तालुक्याच्या रुग्णालयात मी एकतीस वर्षं परिचारिका होते, त्यातली निम्म्याहून जास्त कॅज्युअल्टीत गेली. सोलापूर जिल्ह्यातला आमचा भाग उसाचा. दसऱ्यानंतर बीडकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या यायच्या, गावाबाहेर त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहायच्या आणि आमच्या रजिस्टरात कोयत्याच्या जखमा सुरू व्हायच्या. या धंद्यात नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, हिशोब होतो तोही कोयत्यावर. उजव्या हातात कोयता, डाव्या हातात ऊस, त्यामुळे मी पाहिलेल्या जखमा बहुतेक डाव्या हाताच्या बोटांवर नाहीतर डाव्या नडगीवर असत. पहाटेचा अंधार, दवाने निसरडं झालेलं पाचट आणि कानस लावून परजलेलं पातं. जखम व्हायला एवढं पुरे असतं.

त्या मुलीनंतर दहा-बारा दिवसांनीच एका गड्याला सहाजणांनी उचलून आणलं. मनगटाच्या वर चार बोटांची जखम, त्या बाईच्या जखमेपेक्षा कितीतरी उथळ. पण माणूस पांढराफटक पडला होता, कपाळावर गार घाम होता आणि तो सारखं पाणी मागत होता. वरचा गमछा सोडला तर खाली दुसरा गमछा, त्याखाली कुणाचं तरी बनियन, त्याखाली तंबाखू आणि तंबाखूखाली हळदीचा लगदा. कोपराच्या खाली सुतळी बांधलेली. सगळं रक्ताने निथळत होतं. विचारलं तेव्हा कळलं, की वाटेत प्रत्येकाने एकेकदा कापड उचलून 'थांबलं का' म्हणून पाहिलं होतं आणि थांबलेलं दिसलं नाही की वर आणखी एक कापड गुंडाळलं होतं. मी तिथे फक्त गॉजची घडी ठेवून दहा मिनिटं दाबून धरलं. रक्त थांबलं. पण तोवर इतकं गेलं होतं, की जिल्ह्याच्या रुग्णालयात त्याला दोन पिशव्या रक्त चढवावं लागलं. सहा माणसं, म्हणजे बारा हात होते त्याच्याजवळ.

त्या सहाजणांना मी रागावले नाही, कारण मीही एकदा तेच केलं होतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी. खुरप्याने तळहात कापलेला एक म्हातारा समोर होता. मी गॉज ठेवायची, मिनिटभर दाबायची, उचलून बघायची. रक्त यायचं. नवीन गॉज घ्यायची, दाबायची, पुन्हा उचलायची. ट्रे लाल गोळ्यांनी भरला आणि मला रडू यायला लागलं. आमच्या मोठ्या सिस्टर मागून आल्या. एक शब्द न बोलता त्यांनी माझ्या हातावर आपला हात ठेवून खाली दाबला आणि मग म्हणाल्या, "घड्याळ बघ, जखम बघू नकोस." भिंतीवरच्या घड्याळात दहा मिनिटं मोजायला लावली. ती दहा मिनिटं मला तासासारखी वाटली. नंतर हात काढला तेव्हा जखमेत काळसर लाल, ओलसर, शांत असं काहीतरी होतं. वाहणं थांबलं होतं.

पुढे नव्या मुली शिकायला आल्या की मी त्यांना दुधाचं पातेलं आठवायला सांगायची. साय धरायची असेल तर पातेलं हलवत नाहीत. शीर कापली की रक्तातल्या चकत्या, म्हणजे प्लेटलेट्स, तिथे गोळा होतात, एकमेकींना चिकटतात, मग त्यांच्याभोवती बारीक तंतूंचं जाळं विणलं जातं आणि गुठळी धरते. याला काही मिनिटं लागतात, आणि त्या मिनिटांत वरून रक्ताचा लोंढा येत असेल तर धरलेलं सगळं वाहून जातं. आपला दाब तो लोंढा अडवतो, गुठळी धरण्याचं काम शरीर करतं. मध्येच उचलून बघितलं की धरलेली साय फाटते, आणि दाबाचा वेळ पुन्हा पहिल्यापासून मोजावा लागतो. म्हणून पहिलं कापड भिजलं तरी ते काढायचं नाही. वर दुसरं ठेवायचं आणि आणखी जोराने, नेमक्या जागी दाबायचं.

नेमक्या जागी, हे शब्द महत्त्वाचे आहेत. तळहात पसरून वरवर ठेवला तर रक्त बाजूने वाहत राहतं. जिथून ते येतंय तिथे बोटांनी किंवा तळहाताच्या टाचेने कोपर ताठ ठेवून जोर द्यायचा, पीठ मळताना अंगाचा भार देतो तसा. हातात घालायला मोजे नसतात तेव्हा स्वच्छ प्लॅस्टिकची पिशवी चालते. दुसऱ्याच्या रक्तातून कावीळ किंवा एचआयव्हीचा संसर्ग होऊ शकतो, तेव्हा ही काळजी घ्यावी. जखमी माणूस शुद्धीवर असेल तर त्याला स्वतःलाच दाबायला सांगावं.

आता हळदीबद्दल. भाजी चिरताना बोटाला लागलं आणि घरच्या बाईने हळद दाबली, तर मी कधी वाईट बोलले नाही. तिथेही काम दाबण्यानेच होतं, नाव हळदीचं होतं एवढंच. पण खोल जखमेत भरलेली हळद, कॉफी, चुना, तंबाखू, राख, शेण हे सगळं टाके घालण्याआधी आम्हाला घासून घासून काढावं लागतं. त्या घासण्याने माणूस ओरडतो आणि थांबलेलं रक्त पुन्हा सुरू होतं. आमचे वैद्यकीय अधिकारी आयुर्वेदाचे होते. लोकांनी 'आपलं आयुर्वेदिक' म्हणून तंबाखूचं समर्थन केलं की त्यांना फार लागायचं. सुश्रुतसंहितेत रक्त थांबवण्याचे चार उपाय सांगितले आहेत, ते त्यांना मुखोद्गत होते. संधान, स्कंदन, पाचन आणि दहन. तुरट द्रव्याने जखमेची तोंडं सांधणं, गारव्याने रक्त गोठवणं, क्षार-राखेने जखम सुकवणं आणि डाग देऊन शिरा आखडवणं. "ते वैद्य पायरी पायरीने, समोर बसून करायचे," ते म्हणायचे, "डब्यातली तंबाखू कोंबून जीपमध्ये टाकायला कुठे सांगितलंय?"

एक मरण मला विसरता येत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैल धुताना शिंग लागलं. मुलगा असेल वीस-बावीसचा. जखम जांघेत होती. गावापासून आम्ही अकरा किलोमीटरवर. जीप दारात थांबली तेव्हा नाडी लागत नव्हती, आणि जीपच्या मागच्या फळीवर रक्त साचलं होतं. सोबत वडील, चुलते, मित्र असे पाच-सहाजण होते. त्यांनी धोतर मांडीभोवती गुंडाळलं होतं, पण हात कुणीच ठेवला नव्हता. मी वडिलांना विचारलं नाही. त्यांनीच आपण होऊन सांगितलं, "जागा तशी होती, बाई. कुनी हात लावंना." आम्ही करायचं ते सगळं केलं. तो गेला.

जांघेत माणसाची मोठी धमनी असते. ती फाटली तर मिनिटांचा हिशोब असतो. तिथे पट्टी आवळून उपयोग नाही, कारण आवळायला वर जागाच नाही. तिथे एकच करायचं असतं. हाताशी असेल ते स्वच्छ कापड, उपरणं, ओढणी, साडीचा पदर, जखमेच्या आत बोटाने ठासून भरायचं, अगदी तळापर्यंत, आणि वरून दोन्ही हातांनी अंगाचा सगळा भार द्यायचा. हात थकले तर गुडघा रोवायचा. काखेतल्या जखमेलाही हेच. गळ्याची जखम असेल, जशा संक्रांतीच्या दिवसांत नायलॉनच्या मांजाने दुचाकीवाल्यांना होतात, तर गळ्याभोवती काही गुंडाळायचं नाही. जखमेवरच, एकाच बाजूने, श्वासनळी न दाबता बोटांनी धरायचं. पोटात किंवा छातीत मात्र असं कापड ठासायचं नाही. आणि घुसलेली वस्तू, मग ती सळई असो, काच असो, पातं असो, उपसायची नाही. तिनेच कधी कधी आतली शीर बंद करून ठेवलेली असते. तिच्या दोन्ही बाजूंना कापडाच्या वळकट्या लावून ती हलणार नाही अशी बांधायची.

पट्टी आवळण्याबद्दल माझं स्वतःचं मत नोकरीच्या काळात पूर्ण बदललं, आणि ते एका निवृत्त फौजीमुळे बदललं. ज्वारीच्या मळणीत एका गड्याचा हात यंत्रात कोपराखाली ओढला गेला. हा फौजी शेजारच्या शेतात होता. त्याने गमछ्याची चार बोटं रुंद घडी केली, दंडाला गुंडाळली, गाठीत ट्रॅक्टरचा पाना घातला आणि रक्त पूर्ण बंद होईपर्यंत पिळला. मग पाना सुटू नये म्हणून सुतळीने दंडालाच बांधला आणि गमछ्यावर पेनाने लिहिलं, '9-40'. दवाखान्यात आला तेव्हा तो गडी वेदनेने आक्रोश करत होता. नातेवाईक "जरा ढिलं करा" म्हणून फौजीशी भांडत होते. मीही पुढे झाले, कारण आम्हाला शिकवलं होतं, की दर पंधरा-वीस मिनिटांनी पट्टी थोडी सैल करावी. फौजीने माझा हात धरला. "सिस्टर, दुखतंय म्हणजे बरोबर आवळलंय. सोडलं तर गेला."

डॉक्टरांनीही सोडू दिलं नाही. सलाईन लावून, वेळेची चिठ्ठी देऊन पुढे पाठवलं. पुढे प्रशिक्षणात मला कळलं, की जुनी शिकवण मागे पडली आहे. थोडं थोडं सोडल्याने प्रत्येक वेळी रक्त जातं आणि धरलेली गुठळीही वाहून जाते. इराकच्या युद्धात अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी जखमींची काळजीपूर्वक नोंद ठेवली. त्यात दिसलं, की अंगातलं रक्त संपत येण्याआधीच ज्यांना पट्टी आवळली गेली ते मोठ्या संख्येने वाचले, उशीर झालेले फार थोडे. साधारण दोन तासांपर्यंत अशी पट्टी सहसा धोक्याची नसते. त्यापुढे स्नायू आणि नसांना इजा होण्याचा धोका वाढत जातो, म्हणून वेळ लिहायची. सोडायचं काम दवाखान्याचं.

पण हा उपाय हातापायांचाच, आणि दाबूनही रक्त थांबत नसेल किंवा अवयव तुटलाच असेल तेव्हाचा. जखमेच्या वर चार बोटांवर, सांध्यावर नाही. सुतळी, तार, नाडी यांनी तर नाहीच. बारीक दोरी मांसात रुतते आणि वरवरच्या शिरा तेवढ्या बंद करते. खोल धमनीतून रक्त हातात येतच राहतं, परत जायची वाट मात्र बंद होते, म्हणून जखम आधीपेक्षा जास्त वाहते. मनगटाच्या त्या गड्याच्या सुतळीने हेच केलं होतं. मळणीतल्या माणसाचा हात कोपराखालून गेला, तो यंत्रानेच नेला होता. माणूस वाचला. आठवडी बाजारात मला तो दिसायचा, उरलेल्या दंडाला पिशवी अडकवून भाजी घेताना.

कडबाकुट्टीत बोटं जाणं आमच्याकडे नेहमीचं. तुटलेलं बोट लोक आणायचे, पण कसं, तर एकाने हळदीत घोळून, एकाने दुधाच्या किटलीत, तर एकाने थेट बर्फाच्या तुकड्यांत ठेवून. उघड्या बर्फाने मांस गोठून मरतं. बोट ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळावं, पिशवीत घालून तोंड बांधावं आणि ती पिशवी बर्फ-पाण्याच्या दुसऱ्या पिशवीत ठेवावी. आणि बोट शोधायच्या धांदलीत हात वाहता सोडू नये.

कधी तर दाबण्याइतकाही जोर लागत नाही. पायाच्या फुगलेल्या शिरा असलेल्या एक आजी न्हाणीत घसरल्या, घोट्यावर खरचटलं आणि फुगलेली शीर फुटली. घरच्यांनी त्यांना खुर्चीवर बसवलं, पाय खाली सोडलेला, वर कॉफीचा डबा रिकामा केला, आणि तशाच बसवून रिक्षाने आणलं. मी त्यांना आडवं केलं, पाय उशांवर उंच ठेवला, दोन बोटांनी शीर दाबली. रक्त जवळजवळ लगेच थांबलं. पाय खाली असेपर्यंत वरपासूनचं सगळं रक्त त्या एका भोकावर उभं होतं. ही जखम दिसायला क्षुल्लक असते, पण एकटीदुकटी म्हातारी माणसं यात दगावतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील त्यांनी तर जास्तच जपावं. पोरांचा घोळणा फुटण्याचंही तसंच. डोकं मागे करून कांदा हुंगवतात, रक्त पोटात जातं, मग उलटीत रक्त पाहून घर हादरतं. पुढे वाकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरावा, तोंडाने श्वास घ्यायला लावावा.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. त्यातलं पाऊण लिटर गेलं तरी तो बोलतो, चालतो. दीड लिटरच्या पुढे रक्तदाब पडतो. दहा किलोच्या बाळात सगळं मिळून आठशे मिलिलिटर असतं, म्हणजे तांब्याभरसुद्धा नाही. नातेवाईक ओरडणाऱ्या जखमीभोवती जमतात. माझी नजर गप्प पडलेल्याकडे जायची. जो आधी घाबरून हातपाय झाडत होता आणि आता शांत झालाय, ज्याची कातडी गार, ओलसर लागतेय, त्याला सगळ्यांत आधी आत घ्यायचं. अशा माणसाला आडवं ठेवावं आणि गोधडी पांघरावी. अंग गार पडलं की रक्त नीट गोठत नाही. पाण्याचं मात्र मला नेहमी जड गेलं. मरणाच्या दारातला माणूस पाणी मागतो आणि आपण नाही म्हणायचं, हे आपल्या माणसांच्या मनाला पटत नाही. पण भूल द्यावी लागली तर पोटातलं पाणी फुप्फुसात जाऊ शकतं. मी ओल्या कापसाने ओठ पुसायची, आणि आईला तो कापूस धरायला द्यायची.

जखमी माणसाला उचलायला लोक घाबरतात, प्रवासी जीप चालवणारे वडापवाले तर फारच. आता त्यांनी घाबरू नये. 30 मार्च 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयाने रस्ते अपघातात मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 134 अ हे कलमच आलं. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर खटला नाही, नाव सांगण्याची सक्ती नाही. आपल्या राज्यात 2014 पासून 108 ची रुग्णवाहिका आहे, तिच्यात डॉक्टर असतो. पण ती येईपर्यंतची मिनिटं जवळच्या माणसाचीच असतात.

निवृत्तीनंतर मी हंगामाच्या सुरुवातीला कोप्यांवर जाते. बरोबर सायकलची जुनी ट्यूब असते. तिच्यात पाणी भरते, ब्लेडने चीर देते आणि पोरांना म्हणते, थांबवा. आधी सगळी तळहात पसरतात, पाणी बोटांमधून निसटतं. मग एखादं पोर बरोबर चिरेवर अंगठा रोवतं आणि पाणी थांबतं. मग मी त्यांना घड्याळ दाखवते आणि दहा मिनिटं धरून ठेवायला सांगते. मोठ्यांपेक्षा मुलं जास्त वेळ धरतात, हे मी दरवर्षी बघते.

येत्या दसऱ्याला पुन्हा टोळ्या निघतील. मुकादमांना आणि कारखान्यांच्या शेती खात्यांना माझी विनंती आहे, की उचल देण्याच्या दिवशी अर्धा तास यासाठी काढा आणि प्रत्येक कोयत्याला गॉजचं एक पुडकं, एक क्रेप बँडेज आणि चार बोटं रुंद, मजबूत पट्टी द्या. आणि हे वाचणाऱ्या तुम्हाला एवढंच सांगणं आहे: अपघात समोर झाला तर 108 ला फोन लावायला दुसऱ्या कुणाला तरी सांगा. तुम्ही खाली बसा आणि दाबून धरा.